तांबट आळीतले प्रवाळ

पुण्याच्या कसबा पेठेतल्या आमच्या तांबट आळीत दिवसभर हातोडी चालते. तांब्याच्या घागरी, बंब, तपेली घडतात, मठारकामाचे ठोके पडतात. अशा गल्लीत प्रवाळ पाळायचे म्हणजे उलटा कारभार, कारण तांबं हे प्रवाळाला, कोळंबीला, गोगलगायीला विष. माशांवर पांढरे ठिपके आले की तांब्याचं औषध देतात आणि मासे बरेही होतात. पण तेच औषध प्रवाळाच्या टाकीत पडलं, तर दगड ते शोषून घेतात आणि पुढे कितीतरी दिवस पाण्यात सोडत राहतात. म्हणून टाकीच्या पाण्याला घरातली घागर लागत नाही, त्यासाठी प्लास्टिकची बादली वेगळी ठेवलीय. कामावरून आलेला हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय पाण्यात जात नाही.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. साधारण १९० लिटर. खारं पाणीच १९५ किलो भरतं, वर काच, दगड आणि स्टँड. जुन्या वाड्याच्या लाकडी तुळयांवर एवढा भार टाकू नये. माझी टाकी तळमजल्यावर, भिंतीला लागून आहे.

वडिलांनी ती पाहिली आणि पहिलंच विचारलं, “समुद्र म्हणतोस, मग वाळू कुठंय?”

वाळू मुद्दाम घातलेली नाही. समुद्रात पाणी अफाट आणि वाळूत राबणारे जीवही अफाट. १९० लिटरमध्ये तसं नसतं. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं वाळूत मुरतं, कुजतं, पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतं. मग शेवाळ माजतं, आणि फॉस्फेट फार झालं की कडक प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडा नीट बनत नाही. नुसत्या काचेवर घाण लपत नाही. दिसली की नळीने ओढून घ्यायची. शिवाय पाणी ढवळणारे वेव्हमेकर जोरात लावता येतात. तासाला टाकीच्या वीस-तीस पट पाणी फिरलं की घाण तरंगत राहते आणि स्किमर तिचा फेस करून बाहेर काढतो. वाळूवर एवढा जोर लावला तर टाकीत धुळीचं वादळच उठेल.

अर्थात हे फुकट मिळत नाही. विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू वाळूतही राहतात. वाळू गेली की तो सगळा भार सच्छिद्र दगडांवर येतो. त्यामुळे दगड भरपूर हवेत आणि पहिले चार-सहा आठवडे मासा न टाकता थांबायची तयारी हवी. वाळूत झोपणारे मासे या टाकीत आणू नयेत. आणि अतिस्वच्छताही बाधते: नायट्रेट, फॉस्फेट शून्यावर गेलं की डायनोफ्लॅजेलेट नावाचे तपकिरी, चिकट सूक्ष्मजीव पसरू शकतात. मी नायट्रेट पाच पीपीएमच्या आसपास राहू देतो. दगड थेट काचेवर ठेवत नाही, खाली जाड प्लास्टिकची शीट असते. सुरुवातीला तळ उघडाबोडका दिसतो; पुढे जांभळट कोरलाइन शेवाळ तो झाकतं. मला तो उघडा तळही आवडतो, पण पाहुण्यांना नाही.

वाळू हवी की नको, हा वाद जुनाच. १९८० च्या दशकात बर्लिनच्या छांदिष्टांनी जिवाणूंनी भरलेले ‘जिवंत’ दगड, स्किमर आणि प्रखर दिवे यांवर भर दिला. मोनॅकोत सागरी शास्त्रज्ञ ज्याँ जोबेर यांनी उलट जाड वाळूच्या थराकडूनच काम करून घेतलं. दोन्ही टाक्या चालतात. छोट्या घरात मला बर्लिनचा मार्ग पटतो.

“मालवणहून दोन दगड आण की,” असं सुचवणारे भेटतातच. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं. आणि अभयारण्याबाहेरही, २००१ पासून कडक प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडाही उचलू नये. माझे दगड सिरॅमिकचे आहेत आणि प्रवाळ मऊ जातीचे, दुसऱ्यांच्या टाक्यांत वाढवलेले तुकडे. दुकानात कडक प्रवाळ दिसलं तर आधी आयातीची कागदपत्रं मागा.

पाणी आरओ आणि डीआय रेझिनमधून काढलेलं, टीडीएस शून्य. त्यात समुद्री मीठ मिसळून क्षारता हजारी ३५, तापमान २५-२६ अंश. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये खरी परीक्षा हीच, कारण पाणी तिशीपार राहिलं की प्रवाळ आपल्यातलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकून पांढरं पडतं. पृष्ठभागावर पंखा सोडला तर दोनेक अंश उतरतात. उडालेलं पाणी गोड पाण्यानेच भरायचं, मीठ टाकीतच उरलेलं असतं. वीज गेली तर इन्व्हर्टरवर आधी वेव्हमेकर, दिवे नंतर.

शेवटी एक इशारा: झोअँथिड हे प्रवाळाचे भाईबंद दिसायला सुंदर, वाढायला सोपे, पण त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. कापताना हातमोजे आणि चष्मा घालावा. ते चिकटलेला दगड उकळत्या पाण्याने स्वच्छ करायला कधीही जाऊ नये. वाफेतून विष अंगात जाऊन लोक इस्पितळात पोचले आहेत.