सरकारी नोकरीतली परकी भाषा: पेडणे-डिचोलीचा दाखला

गोव्यात परकी भाषा आणि सरकारी चाकरी यांचे नाते जुने आहे. शिवाजी महाराजांकडे पोर्तुगिजांचे वकील म्हणून रामोजी शेणवी कोठारी गेले होते. पुढे सावंतवाडीच्या भोसल्यांच्या ताब्यातला डिचोली महाल १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे आले. गावचा व्यवहार मराठीत, जुने कागद मोडीत आणि वरचे हुकूम पोर्तुगीजमध्ये, म्हणून दोन्हीकडचे वाचू शकणाऱ्याला मोल आले. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आल्यानंतर हिंदूंना सरकारी नोकरीची दारे अधिक खुली झाली. डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीतील पिसुर्ले गावचे पांडुरंग पिसुर्लेकर मोडी आणि पोर्तुगीज या दोन्हींच्या बळावर गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख झाले.

१९६१ मध्ये गोवा पोर्तुगिजांपासून मुक्त झाल्यानंतर कारभार इंग्रजीत आला, तरी जुनी दप्तरे राहिली. पोर्तुगीज काळातील जमिनीच्या नोंदी, जन्म-विवाहाचे दाखले आणि मृत्युपत्रे पोर्तुगीजमध्ये आहेत. एक-चौदाच्या (जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्यावरून वाद उठला की खरी मालकी शोधायला या नोंदींकडे वळावे लागते. डिचोली तालुक्यातील मयेचा स्थलांतरितांच्या मालमत्तेचा प्रश्नही पोर्तुगीज काळातील मालकीतूनच आला. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचे नियम गोव्यात मुक्तीनंतरही चालू राहिले. त्यामुळे निबंधक कार्यालये, पुराभिलेख खाते आणि न्यायालये येथे पोर्तुगीज वाचणाऱ्याची गरज भासते.

पेडण्याच्या किनाऱ्यावर गरज वेगळी आहे. मोरजी-हरमल पट्ट्यात रशियन पर्यटक येतात; जानेवारी २०२३ पासून मोपा विमानतळावरून उड्डाणे होतात. पोलीस, सीमाशुल्क, इमिग्रेशन आणि पर्यटन खात्यांना येथे परकी भाषेत बोलता येण्याचा उपयोग होतो. दप्तरासाठी वाचन लागते, चौकशीच्या टेबलावर संभाषण.

भाषा मात्र एकटी नोकरी मिळवून देत नाही. गोवा सरकारच्या पदांच्या जाहिरातींत कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट असे लिहिलेले असते. परकी भाषा ही त्यावरची भर. पोर्तुगीजला कायद्याची किंवा इतिहासाची जोड मिळाली, तर तिचा उपयोग अधिक होतो. भारतीय परराष्ट्र सेवेतही निवड परीक्षेने होते. परकी भाषा निवडीनंतर शिकवली जाते आणि सेवेत कायम होण्यासाठी तिची परीक्षा द्यावी लागते. पोर्तुगीज व फ्रेंच शिकण्याची सोय गोवा विद्यापीठात आहे. तेव्हा भाषा निवडण्याआधी कोणत्या खात्यात कोणते काम करायचे, हे ठरवणे हिताचे.