समुद्रापलीकडील दोन मराठी समाज व त्यांचे कागद

प्रस्तुत लेखास दोन कागद कारण झाले. पहिला कागद म्हणजे मॉरिशसमधील मोका येथें महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेवलेल्या मजुरांच्या नोंदवहींतील एका नोंदीची प्रत. सध्यां पोर्ट लुईस येथें नोकरीस असलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ती आपल्या शेजाऱ्याकरितां आमच्याकडे धाडली. दुसरा कागद इस्रायलांतील लोद गांवाहून आला. एका बेने इस्रायल कुटुंबाशीं आमचा मुंबईंत परिचय होता; पुढें तें कुटुंब तिकडे गेलें. त्यांच्या घरच्या जुन्या प्रार्थनापुस्तकाच्या शेवटीं जें कोरें पान असतें त्यावर पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींचें तें छायाचित्र आहे. पहिल्यास आपल्या मूळपुरुषाचें गांव हवें आहे. दुसऱ्यास आपल्या पणजीचें माहेर. कोंकण किनाऱ्यापासून शेंकडों मैल दूर, आर्वीसारख्या कापसाच्या गांवीं बसलेल्या निवृत्त मास्तराकडे हें काम यावें हें नवलच आहे. परंतु ज्यानें जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलीं त्याला कोणत्याहि नांवाचें मूळ सांगतां येतें, असा आमच्या विद्यार्थ्यांचा एक जुना गोड गैरसमज आहे.

हे दोन कागद शेजारीं ठेवून पाहतां आमच्या ध्यानांत असें आलें कीं, एकाच किनाऱ्यावरून निघून भिन्न काळीं भिन्न देशीं गेलेल्या या दोन मराठी समाजांची सांपत्तिक व सामाजिक स्थिति कशी घडत गेली हें समजावयास हे कागदच उत्तम वाटाडे आहेत. कोणी कोणता कागद घेऊन निघाला, तो कागद कोणाच्या हातीं राहिला, व पुढें त्या कागदानें काय मिळवून दिलें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

प्रथम मॉरिशस. त्या बेटावर मूळचे रहिवासी असे कोणी नव्हते. डच आले, गेले. फ्रेंचांनीं आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम आणून शेती केली. १८१० सालीं बेट इंग्रजांकडे आलें. १८३५ त गुलामगिरी बंद झाली, आणि उंसाच्या मळ्यांना हात कोठून आणावयाचे हा प्रश्न पडला. १८३४ च्या नोव्हेंबरांतच ‘अ‍ॅटलास’ जहाजानें कराराचे हिंदी मजूर तेथें उतरले होते. पुढील पाऊणशें वर्षांत सुमारें साडेचार लाख माणसें त्या वाटेनें गेलीं. बहुतेक कलकत्त्याहून व मद्रासेहून. मुंबई बंदरांतून गेलेल्यांची संख्या त्या मानानें थोडी, तरी आजचा मॉरिशसचा मराठी समाज तीपासूनच झाला आहे. रत्नागिरी व सावंतवाडीकडील कुणबी-मराठे त्यांत विशेष. करार सामान्यतः पांच वर्षांचा; पुरुषास आरंभीं महिना पांच रुपये व शिधा. न सांगतां एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापीत, व या ‘दुहेरी कापी’चें नांव तेथील वृद्धांच्या तोंडीं फार दिवस राहिलें. करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्यानें जुन्या मजुरासहि आपलें छायाचित्र असलेला परवाना सदैव जवळ बाळगावा लागे, आणि तो हरवला किंवा घरीं विसरला तर भटका म्हणून पकडण्यांत येई. आडोल्फ द प्लेवित्झ नांवाच्या एका मळेवाल्यानें १८७१ सालीं मजुरांच्या बाजूनें अर्ज लिहिला, त्यावरून राजाज्ञेनें चौकशीमंडळ नेमलें गेलें, व तदनंतर कांहीं जाच कमी झाला.

नोंदवहींत काय असे? अनुक्रमांक, नांव, बापाचें नांव, वय, उंची, अंगावरील खुणा, जात, जिल्हा, गांव, जहाज व तारीख. म्हणजे आपल्याकडील कोणत्याहि कुळकर्ण्याच्या वहीपेक्षां ती वही अधिक बारकाईनें लिहिलेली! परंतु लिहिणारा कारकून मराठी जाणत नव्हता, व सांगणाऱ्यास लिहितां येत नव्हतें. आडनांवाचा रकानाच नव्हता. यामुळें मूळपुरुषाचें जें पाळण्यांतलें नांव, बापू म्हणा, रामा म्हणा, गणू म्हणा, तेंच पुढें इंग्रजी-फ्रेंच वर्णांत मुलानातवांचें आडनांव होऊन बसलें. मूळचें आडनांव सावंत होतें कीं शिंदे, तें घरांतहि राहिलें नाहीं. माणूस आपल्या बापाच्या नांवानें ओळखला जाऊं लागला आणि गांव फक्त सरकारी वहींत उरलें.

तरी या समाजाचा वर येण्याचा मार्ग कोणता? जमीन. १८८० च्या सुमारापासून साखरेचा भाव उतरला, तेव्हां मोठ्या मळेवाल्यांनीं आपल्या कडेच्या, कमी पिकाच्या जमिनी तुकडे पाडून विकावयास काढल्या. पोटास चिमटा घेऊन मजुरांनीं सांठविलेल्या पैशांतून हे तुकडे घेतले गेले. बेटावर मूळचा मालक असा कोणी समाज नसल्यानें विकत घेतलेली जमीन घेणाऱ्याची निर्वेध झाली. मजुराचा मुलगा लहानसा ऊंसवाला झाला, नातू शाळामास्तर, पोलीस, कारकून झाला. १९६८ च्या मार्च महिन्याच्या १२ तारखेस देश स्वतंत्र झाला, आणि पुढें माध्यमिक शिक्षणहि मोफत झालें.

या मुद्द्याचें महत्त्व फिजीकडे पाहिल्यावांचून नीट कळत नाहीं, म्हणून थोडें विषयांतर करितों. फिजीस १८७९ पासून १९१६ पर्यंत सुमारें साठ हजार माणसें गेलीं. कलकत्त्याहून, व १९०३ पासून मद्रासेहूनहि. मुंबईहून जहाजें जात नसल्यामुळें मराठी माणूस तेथें विरळा. करार तोच पांच वर्षांचा. ‘अ‍ॅग्रीमेंट’चें ‘गिरमिट’ झालें तें त्याच लोकांच्या तोंडीं. मजुरी पुरुषास दिवसास एक शिलिंग. परंतु फिजींत मूळचे रहिवासी होते, व त्यांच्या गोतांच्या जमिनी विकतां येऊं नयेत असा इंग्रजांनीं बंदोबस्त केला होता. तो मूळ रहिवाश्यांच्या दृष्टीनें न्यायाचाच होता, हें सांगितलें पाहिजे. पण त्याचा परिणाम असा कीं, गिरमिट्याचा नातू ऊंस स्वतः लावतो, घर स्वतः बांधतो, आणि पायांखालची जमीन मात्र मुदतीच्या पट्ट्याची. मुदत संपली कीं घर मोडावें लागे. १९४६ च्या शिरगणतींत हिंदी लोक संख्येनें मूळ रहिवाश्यांहून अधिक भरले होते. १९८७ त सैन्यानें दोनदां सत्ता घेतल्यानंतर हजारों कुटुंबें ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व कॅनडाकडे गेलीं, आणि २००७ च्या शिरगणतींत त्यांचें प्रमाण सदतीस टक्क्यांच्या आसपास आलें. या दोन्ही बेटांशीं संबंध आलेला एक पुरुष म्हणजे बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर. ते १९०७ सालीं मॉरिशसांत गेले व १९१२ सालीं फिजींत. त्याच १९१२ च्या मार्चांत नामदार गोखले यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत ही करारी मजुरीची पद्धतच बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी मतांनीं तो पडला. परंतु त्या भाषणानें जनमत जागें झालें, व चार वर्षांनीं सरकारास तत्त्व मान्य करावें लागलें.

आतां दुसरा समाज. बेने इस्रायलांविषयीं या पत्राच्या वाचकांस नवें सांगण्याजोगें थोडेंच आहे. अलिबागेजवळ नवगांव येथें जहाज फुटून सात जोडपीं वांचलीं ही त्यांची परंपरा, तेल गाळण्याचा धंदा व शनिवारीं घाणा बंद, म्हणून ‘शनिवार तेली’ हें नांव, आणि पेणकर, रोहेकर, किहिमकर, राजपुरकर, अष्टमकर अशीं गांवांवरून पडलेलीं आडनांवें. किनाऱ्यावरील ज्या गांवीं आज त्यांचें एकहि घर नाहीं त्याचें नांव लोद किंवा दिमोना येथील दरवाजावर हिब्रू लिपींत वाचावयास मिळतें. मुंबईंत हे लोक कंपनीच्या पलटणींत शिरले. समाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ सालीं तेथें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. पुढें शिक्षण, रेल्वे, टपाल, गिरण्या यांतील मध्यम पगाराच्या नोकऱ्या. हाईम सॅम्युएल किहिमकर यांनीं १८७५ सालीं शाळा काढली व समाजाचा इतिहास लिहिला. तो लेखकाच्या मृत्यूनंतर १९३७ त तेल अवीव येथें छापला गेला. जोसेफ ईझीकेल राजपुरकर यांनीं हिब्रू प्रार्थना मराठींत आणल्या. अर्थात् हा लिहितां वाचतां येणारा समाज होता.

१९४८ नंतर हे लोक इस्रायलांत जाऊं लागले. १९५० च्या ‘परतीच्या कायद्या’नें प्रत्येक यहुद्यास तेथें येण्याचा व नागरिक होण्याचा हक्क दिला. म्हणजे मॉरिशसच्या मजुराच्या अगदीं उलट: बायकामुलांसह, हक्कानें, मालकाच्या वहींत अनुक्रमांक न पडतां. असें असतां प्रारंभींची अवस्था कशी झाली? मुंबईंत लेखणी धरणाऱ्या माणसास बीरशेबा, दिमोना, अश्दोद अशा नव्या वसाहतींत रस्त्याचें, बांधकामाचें, गिरणीचें काम मिळालें. भाषा येईना, पाव-ऑलिव्ह गळ्याखालीं उतरेना, आणि रंगावरून भेद केला जातो ही सल. १९५१ च्या अखेरीस कांहीं कुटुंबांनीं तेल अवीव येथें धरणें धरलें व ‘आम्हांस परत पाठवा’ अशी मागणी केली. १९५२ सालीं तीं परत मुंबईस आलींहि. आणि त्यांतील पुष्कळ पुढें पुन्हा इस्रायलांत गेलीं. हा फेरा हास्यास्पद नाहीं. जेथून निघालों तेथें नोकरी व खोली दुसऱ्याच्या हातीं गेलेली असते, हें आमच्या खेड्यांतून मुंबईस जाऊन परतलेला कोणीहि सांगेल.

परंतु खरा घाव पुढेंच होता. १९६२ त तेथील मुख्य धर्मपीठानें विवाहनोंदणी करणाऱ्यांस असा आदेश दिला कीं, बेने इस्रायल वधू किंवा वर इतर यहुद्यांशीं विवाह करीत असेल तर त्याच्या आईची, तिच्या आईची, याप्रमाणें मागें जातां येईल तितकी चौकशी करावी. ज्या समाजानें कोंकणांतील खेड्यांत शेंकडों वर्षें शब्बाथ पाळला त्याच्याकडे आईच्या बाजूची वंशावळ मागितली गेली! आमच्या समोरील प्रार्थनापुस्तकाच्या पानावर अठरा नोंदी आहेत. पुरुषांचीं नांवें आडनांवासह आहेत. स्त्रियांविषयीं मात्र ‘अमक्याची बायको’ किंवा ‘मुलगी झाली’ एवढेंच. पणजीचें माहेर त्या पानावर कोठेंहि नाहीं. आपल्याकडील कुलवृत्तांत ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. तेथेंहि आजीपणजींची जागा बहुधा रिकामीच असते. पण आपल्याकडे ती उणीव संशोधकाच्या हळहळीपुरती राहते. तेथें त्या रिकाम्या जागेवर एका मुलीचें लग्न अडत होतें. १९६४ च्या उन्हाळ्यांत या लोकांनीं जेरुसलेम येथें मोठें आंदोलन केलें. ऑगस्टांत तेथील लोकसभेनें ते सर्व बाबतींत इतर यहुद्यांसारखेच आहेत असा ठराव केला, व धर्मपीठानें तो आदेश बदलला. त्यानंतरच्या दोन पिढ्यांनीं लष्कर, विमानांचे कारखाने, दवाखाने व शाळा यांत आपली जागा केली. भारतांत आज या समाजाचीं थोडीं हजार माणसें उरलीं आहेत. तिकडे त्यांची वस्ती कित्येक पटींनीं मोठी आहे.

याप्रमाणें एक समाज तळाशीं आरंभ करून हळूहळू वर आला. दुसरा मध्यावर होता तो प्रथम खालीं घसरला व नंतर सांवरला. मॉरिशसच्या माणसास नागरिकत्व मागाहून मिळालें, जमीन आधीं. बेने इस्रायलास नागरिकत्व पहिल्याच दिवशीं, मान सोळा वर्षांनीं. भाषेच्या बाबतींत मात्र दोघांचा अनुभव सारखाच. मॉरिशसांत घरांत क्रिओल बोलतात. मराठी शाळेंत शिकवितात, गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते, व कोंकणांतील जाखडी तेथें ‘झाकरी’ या नांवानें अजून नाचतात. इस्रायलांत नातवंडें हिब्रू बोलतात. वृद्धांनीं ‘मायबोली’ हें मराठी नियतकालिक चालविलें, आणि एलियाहू नबीच्या नांवानें पोहे, खोबरें, साखर यांचा मलिदा अजून होतो. आमच्या विद्यार्थ्यानें एक गोष्ट कळविली ती येथें नमूद करण्याजोगी वाटते. त्याच्या शेजाऱ्यास मराठींत दहा वाक्यें बोलतां येत नाहींत. पण आरती संपूर्ण येते, आणि तीहि आपल्याकडे आतां टाकून दिलेल्या जुन्या चालीवर.

आतां त्या नोंदीकडे वळूं. तिला आज केवळ कुतूहलाचें मोल नाहीं. २०२४ च्या मार्चांत भारत सरकारनें मॉरिशसच्या भारतवंशीयांस सातव्या पिढीपर्यंत ‘ओसीआय’चें पत्र देण्याचें जाहीर केलें. ज्या वहीनें माणसास अनुक्रमांक दिला तीच वही आतां त्याच्या वंशजाचा पुरावा झाली आहे.

नोंदींत जिल्हा ‘रत्नागिरी’ असा स्पष्ट आहे. गांवाचें नांव इंग्रजी वर्णांत ‘पल्ली’ असें वाचतां येतें. संस्कृत ‘पल्ली’ म्हणजे लहान वस्ती. तीपासून पाली, व दक्षिणेकडील गांवनांवांतील ‘पल्ली’हि. आमच्या विद्यार्थ्यानें अष्टविनायकांतील बल्लाळेश्वराची पाली ती हीच असें ठरवून शेजाऱ्यास पेढेहि वांटावयास लावले. हें घाईचें झालें. ती पाली सुधागडची; तेव्हां भोर संस्थानांत होती, रत्नागिरी जिल्ह्यांत नव्हती. रत्नागिरी तालुक्यांत हातखंब्याच्या दक्षिणेस पाली म्हणून गांव आहे, तें अधिक संभवनीय दिसतें. तथापि कारकुनानें दुहेरी ‘ल’ लिहिला आहे. ‘वाल्ये’, ‘पालये’ अशा एखाद्या नांवाचाहि तो अपभ्रंश असूं शकेल, व एकाच नांवाच्या वाड्या त्या जिल्ह्यांत अनेक असतात. नोंदींत बापाचें नांव ‘भिकाजी’ व जहाज सुटल्याचें साल १८५० च्या दशकांतील आहे.

ज्या संग्राहकांकडे रत्नागिरी तालुक्यांतील त्या सुमाराचीं जमाबंदीचीं, खोती वहिवाटीचीं अथवा गांवझाड्याचीं मोडी दप्तरें असतील त्यांनीं पालीच्या कुळांत भिकाजी हें नांव व त्याचा परागंदा झालेला मुलगा आढळतो काय हें पाहून कळवावें. तसेंच अलिबाग, पेण व रोहें या तालुक्यांतील ज्या घरांत बेने इस्रायल शेजाऱ्यांशीं झालेले देण्याघेण्याचे किंवा घाणे गहाण ठेवल्याचे कागद असतील, त्यांनीं साक्षीदारांच्या यादींत अथवा मजकुरांत स्त्रियांचीं नांवें माहेरासह येतात काय, हें अवश्य तपासावें. प्रार्थनापुस्तकांत जें नाहीं तें कदाचित् गहाणखतांत सांपडेल. छायाचित्रें व प्रती आमच्याकडे आहेत, मागणाऱ्यास पाठवूं.