श्रेयांक तासांचे, जबाबदारी वर्षाची

पदवीच्या मार्कशीटवर इंटर्नशिपचे श्रेयांक दिसणार, हे एव्हाना पालकांच्याही अंगवळणी पडले आहे. यूजीसीने २०२४च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन वर्षांच्या पदवीसाठी ६० ते १२० तास ठरवले आणि मुले कंपन्यांची पत्रे गोळा करत फिरू लागली. या धावपळीत स्वतःच्याच कॉलेजकडे फारसे कुणी बघत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना सीनियरनी वर्षभर सांभाळून घेण्याची मेंटॉर-व्यवस्था आयआयटी मुंबईत रुळलेली आहे. साध्या कॉलेजांतही हेच काम इंटर्नशिप म्हणून का असू नये?

काम दिसायला किरकोळ. गावाहून आलेल्या मुलीसोबत बसून महाडीबीटीचा अर्ज भरायचा, एटीकेटी लागलेल्याला परीक्षेच्या फॉर्मची आठवण करून द्यायची, वर्गात दिसेनासा झालेल्याला फोन लावायचा. कंपनीत इंटर्नची फाइल अडली तर दुसरा कुणी ती हातावेगळी करतो. इथे ‘उद्या भेटू’ म्हणालेली ताई आलीच नाही, तर तिच्या जागी कुणाला उभे करणार?

या प्रश्नावर सर्वांत परखड उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जीन रोड्स यांच्या कामात सापडते. ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या जुन्या संस्थेतील अकराशेहून अधिक मुलांचा अभ्यास त्यांनी जीन ग्रॉसमन यांच्यासह २००२मध्ये प्रसिद्ध केला. मेंटॉरची साथ वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकली, त्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत साथ सुटली, त्यांचा स्वतःवरचा विश्वास उलट घसरला. ही मुले शाळकरी होती, आपली अठरा वर्षांची आहेत, हा फरक मान्य. तरीही अर्ध्यावर सोडलेली मदत निरुपद्रवी नसते, एवढे त्यातून नक्की कळते. चांगुलपणाच्या भरात सुरू होणाऱ्या आपल्या उपक्रमांनी हे भिंतीवर लिहून ठेवावे.

म्हणून माझा आक्षेप तासांना नाही, ते कसे संपवतात याला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत १२० तास उरकता येतात. आठवड्याला चार तास धरले तर तेच ३० आठवडे, म्हणजे दोन सत्रे पुरतात. कॉलेजांनी दुसरा हिशेब धरावा. एका इंटर्नकडे मोजकीच मुले द्यावीत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक प्राध्यापक नेमावा. आपल्या आवाक्याबाहेरचे दुखणे दिसले तर समुपदेशकाकडे कधी न्यायचे, हे इंटर्नला आधीच शिकवावे. श्रेयांक मात्र दुसरे सत्र संपल्यावरच द्यावेत.

विद्यार्थ्यांनाही सांगणे एवढेच : वर्षभर थांबायची तयारी नसेल तर खुशाल कंपनीत जा. तिथे तुमच्या मध्येच निघून जाण्याने कुणाचे फारसे बिघडत नाही.