घरचे इंटरनेट बंद पडले असता

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, करपद्धती, साठवणूक इत्यादी विषयांवर जाणकार सभासदांचे लेख दरवर्षी येत असतात. यंदा संपादक मंडळाने आम्हांसही चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही मुद्दाम निराळा विषय निवडला. घरातील किंवा दुकानातील राउटर इंटरनेटशी जोडला जाईनासा झाला, तर कारागीर येण्यापूर्वी आपण काय पाहावे व कशास हात लावू नये, हा तो विषय होय. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारा जन्म गहू, चणा व तूर यांच्या घाऊक व्यापारात गेला. अशा माणसाने यंत्राविषयी लिहावे हे काहींस नवल वाटेल. परंतु ज्या खड्ड्यात आपण पडलो, तो मागून येणाऱ्यास दाखवून ठेवणे हे व्यापारी बंधूचे कर्तव्यच आहे.

दोन वर्षांमागील आषाढातील गोष्ट. नंदुरबारच्या एका जुन्या ग्राहकाकडे तूरडाळीचा ट्रक रवाना व्हावयाचा होता. माल दहा-दहा किलोंच्या पिशव्यांतील होता. पंचवीस किलोपर्यंतच्या, छापील लेबलाच्या पिशव्यांतील डाळ १८ जुलै २०२२ पासून वस्तू व सेवा कराच्या कक्षेत आली. त्यामुळे नवापूरची हद्द ओलांडून महाराष्ट्रात जाणाऱ्या, पन्नास हजार रुपयांवरील अशा मालास ई-वे बिल लागते. पाऊस कोसळत होता, ट्रक भरून उभा होता, आणि मेहताजी म्हणाले, “शेठ, नेट बंद आहे.”

आम्ही उठलो. ही वायर काढ, ती लाव, हे बटण दाब, असे पाऊण तास चालले. शेवटी राउटरच्या पाठीमागील एका बारीक छिद्रात टाचणी घालून आम्ही ती दाबून धरली. सर्व दिवे विझले व पुन्हा लागले. आम्हांस वाटले, जिंकलो. पण आता दुकानाच्या वाय-फायचे नावच दिसेनासे झाले. अखेर जळगावास माहेरी गेलेल्या सूनबाईस फोन लावला.

तिने विचारले, “बाबा, आधी एवढं सांगा, डबीवर कोणता दिवा लाल आहे?” दिवे आम्ही पाहिलेच नव्हते. “सगळ्यांचं बंद आहे की फक्त मेहताजींच्या कॉम्प्युटरवर?” हेही पाहिले नव्हते. “बरं, शेवटी काय केलंत?” आम्ही टाचणीची हकीकत सांगितली. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ती म्हणाली, “ते नंतर बघू. आधी तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा आणि मेहताजींना बिल काढू द्या.” रात्री नऊच्या सुमारास ट्रक निघाला. आमचे इंटरनेट मात्र पुढे दोन दिवस बंद राहिले. कारागिराने येऊन सांगितले की, मूळ दोष एवढाच होता: सकाळी झाडलोट करताना राउटरची एक वायर बोटभर बाहेर सरकली होती. अर्ध्या मिनिटाचे काम आम्ही आमच्या उतावळेपणाने दोन दिवसांचे केले होते.

त्या दोन दिवसांत सूनबाईकडून व कारागिराकडून आम्ही जे शिकलो, ते येथे क्रमाने मांडतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, वाय-फाय व इंटरनेट या दोन भिन्न वस्तू आहेत. वाय-फाय म्हणजे आपल्या मोबाइलपासून घरातील राउटरपर्यंतची बिनतारी वाट. ती घरापुरतीच असते. इंटरनेट म्हणजे राउटरपासून बाहेरच्या जगाकडे जाणारा मार्ग. मोबाइलवर वाय-फायची खूण पूर्ण दिसत असूनही एक पान उघडत नाही, याचा अर्थ आतील वाट मोकळी असून पुढे कोठे तरी अडथळा आहे. पाठविलेला माल पोहोचला नाही तर आपण तो कोणत्या मुक्कामी अडला हे आधी विचारतो. येथेही तसेच विचारावयाचे. मुक्काम पाच आहेत: आपला मोबाइल किंवा संगणक, राउटर, भिंतीजवळची काचतंतूची डबी, रस्त्यावरील तार, आणि कंपनीचे केंद्र. काही घरी राउटर व डबी एकाच पेटीत असतात. तपासणी नेहमी आपल्या हातातील यंत्रापासून बाहेरच्या दिशेने करावी.

पहिला प्रश्न असा: बंद एकाचेच आहे की सर्वांचे? घरातील दुसरा मोबाइल घेऊन पाहावे. दुसऱ्याचे चालत असेल तर राउटरला दोष देऊ नये. दोष पहिल्या यंत्रात आहे. त्याचे वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करावे. त्यावरील तारीख व वेळ बरोबर आहे का, तेही पाहावे. घड्याळ चुकलेले असल्यास बँकेची व सरकारी पाने सुरक्षिततेच्या कारणास्तव उघडत नाहीत. एखादे यंत्र दूरच्या खोलीतच अडत असेल तर मध्ये जाड भिंत, लोखंडी कपाट किंवा तिजोरी आहे का, हे पाहावे. धातूतून ही लहर जात नाही व जाड भिंतीत ती क्षीण होते. आजच्या बहुतेक राउटरांत दोन लहरी असतात. ५ गिगाहर्ट्‌झची लहर वेगवान, पण तिचा पल्ला आखूड, २.४ गिगाहर्ट्‌झची संथ, पण भिंती ओलांडून अधिक दूर जाणारी. राउटर घराच्या मध्यभागी व उंचावर ठेवावा. ऑगस्ट २००६ चा तापीचा महापूर ज्यांनी पाहिला, त्यांस विजेची वस्तू जमिनीलगत ठेवू नये हे वेगळे सांगावयास नको.

सर्वांचेच बंद असेल, तर दुसरा प्रश्न दिव्यांचा. डबीवर इंग्रजीत ‘पॉन’ असे लिहिलेला दिवा हिरवा व स्थिर असावा. तो लुकलुकत राहिला तर कंपनीच्या केंद्राशी जोडणी पुरी झालेली नाही, असे समजावे. ‘लॉस’ असे लिहिलेला दिवा लाल झाला, तर बाहेरून येणारा प्रकाश डबीपर्यंत पोहोचतच नाही. होय, प्रकाशच; कारण या तारेत वीज वाहत नसून केसासारख्या काचतंतूतून प्रकाश धावतो. म्हणून ही तार काटकोनात दुमडू नये, खिळ्याने आवळू नये, व तिचे उघडे टोक डोळ्यांसमोर धरू नये. तो प्रकाश दिसत नाही, तथापि डोळ्यांस अपाय करू शकतो. लाल दिवा असता राउटरशी खटपट करणे व्यर्थ आहे. घरातील तार कोठे दबली किंवा कुरतडली आहे का, एवढे पाहून सरळ तक्रार नोंदवावी. आपल्या धान्याच्या गोदामांत उंदरांचा उपद्रव असतोच. तार प्लॅस्टिकच्या नळीतून न्यावी, म्हणजे जीवदयाही पाळली जाते व तारही वाचते.

एकही दिवा लागत नसेल तर दोष विजेचा. पाटीवरील दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून पाहावे. लहान काळा अडॅप्टर उन्हाळ्यात तापून निकामी होणे हे नेहमीचेच. नवा घेताना व्होल्टचा आकडा व पिनेचे ध्रुव जुन्याप्रमाणेच असावेत आणि अँपिअरचा आकडा जुन्याहून कमी नसावा. पेटीत जो मिळाला तो जोडला, असे करू नये.

दिवे ठीक असतील तर तिसरा प्रश्न वायरींचा. डबी व राउटर निराळे असल्यास डबीकडून येणारी वायर राउटरच्या ‘वॅन’ या तोंडात बसवावी लागते. ते बहुधा निराळ्या रंगाचे असते. शेजारची ‘लॅन’ तोंडे घरातील यंत्रांसाठी होत. दिवाळीच्या साफसफाईनंतर ही वायर चुकीच्या तोंडात गेल्यामुळे पुष्कळ घरी इंटरनेट बंद पडते. वायर टक् असा आवाज होईपर्यंत आत दाबावी. आमच्या दुकानी चुकले होते ते नेमके येथेच.

यानंतरच यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, आणि तेही रीतीने. डबी व राउटर दोन्ही बंद करावेत व एक मिनिट थांबावे. प्रथम डबी चालू करून तिचा हिरवा दिवा स्थिर होऊ द्यावा. मग राउटर चालू करून तीन-चार मिनिटे वाट पाहावी. आपल्यापैकी बहुतेकांची घाई येथेच होते. यंत्र जागे होण्यापूर्वीच आपण ते पुन्हा बंद करतो.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. ‘रीस्टार्ट’ व ‘रीसेट’ हे दोन शब्द कानास जवळचे, पण अर्थाने फार दूरचे आहेत. रीस्टार्ट म्हणजे दुकान बंद करून पुन्हा उघडणे. रीसेट म्हणजे दुकानातील सर्व वह्या जाळून ते नव्याने उघडणे! त्या बारीक छिद्रात टाचणी दाबली की राउटर आपल्या वाय-फायचे नाव, संकेतशब्द, व अनेक ठिकाणी कंपनीशी जोडणी करून देणारे वापरनाव आणि त्याचा संकेतशब्द हे सारे विसरतो. ती माहिती लिहिलेला कागद हाती असल्यावाचून त्या छिद्रास स्पर्श करू नये. आमच्याकडे तो कागद नव्हता. दोन दिवस गेले ते यामुळेच.

याउपरही अडचण राहिली, तर दोन बारकावे जिज्ञासूंसाठी देतो. राउटर प्रत्येक यंत्रास आकड्यांचा एक पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर यंत्रास राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, म्हणजे दोष घरातीलच आहे. दुसरे असे की, आपण संकेतस्थळाचे नाव लिहितो, पण यंत्रास आकडे लागतात. नावावरून आकडे शोधून देणारी एक नामसूची असते, तीस डीएनएस म्हणतात. ब्राउझरमध्ये इंग्रजी अंकांत १.१.१.१ असे लिहून पाहावे. ते पान उघडले, पण नावाने एकही पान उघडत नसेल, तर मार्ग मोकळा असून नामसूची अडली आहे. अशा वेळी घरातील जाणत्या मुलाकडून राउटरमध्ये १.१.१.१ किंवा ८.८.८.८ ही नामसूची घालून घ्यावी.

कधी कधी दोष आपल्या घरात नसतोच. योजनेची मुदत संपली का, हे आधी पाहावे. हे कारण सांगण्यास लाज वाटते, पण ते वारंवार आढळते. शेजाऱ्याकडेही त्याच कंपनीचे बंद असेल तर स्वस्थ बसावे. जानेवारी २००८ च्या अखेरीस इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या तारा तुटल्या, तेव्हा येथे भारतातील इंटरनेट मंदावले होते. ऑगस्ट २०१५ मध्ये आंदोलनाच्या काळात आपल्या गुजरातेत मोबाइलवरील इंटरनेट काही दिवस बंद ठेवले होते. अशा प्रसंगी टाचणी घेऊन राउटरमागे लागणे म्हणजे वाटेतील पूल वाहून गेला असता आपल्याच गाडीची चाके काढण्यासारखे होय.

तक्रार करताना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. कंपनीचा क्रमांक आपल्या बिलावरून किंवा तिच्या अधिकृत ॲपवरूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून सापडलेला कोणताही क्रमांक लावू नये. ठकसेन ग्राहकसेवेच्या नावाने खोटे क्रमांक पसरवितात, दुरुस्तीच्या मिषाने मोबाइलमध्ये एखादे ॲप घालावयास सांगतात, आणि त्याद्वारे पडदा पाहून बँकेचे खाते रिकामे करतात. राउटर दुरुस्त करण्यासाठी ओटीपी अथवा यूपीआयचा पिन कोणासही लागत नाही. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे; जितके लवकर कळवावे, तितका पैसा अडवून धरण्याचा संभव अधिक. खऱ्या कंपनीकडे तक्रार केल्यावर मिळणारा तक्रार क्रमांक तारखेसह लिहून ठेवावा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीचे निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते, व तेथे हा क्रमांक उपयोगी पडतो.

शेवटी एक विनंती. आपल्या घरोघरी हे ज्ञान एखाद्या नातवाच्या किंवा सुनेच्या डोक्यात असते. ते माणूस परगावी गेले की सारे घर अडते. जे व्यवहार आपण वहीत लिहून ठेवतो, त्यांत याचीही भर घालावी. एका पानावर कंपनीचे नाव, ग्राहक क्रमांक, वापरनाव, योजनेची मुदत, तक्रारीचा खरा दूरध्वनी, व कोणती वायर कोणत्या तोंडात जाते याचे लहानसे चित्र असावे. संकेतशब्द निराळ्या कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा. शिवाय मोबाइलचा हॉटस्पॉट कसा चालू करावा, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्री-पुरुषांनी एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावे.

आमच्या दुकानी असे पान आता गादीमागील भिंतीवर लावलेले आहे. गेल्या पावसाळ्यात इंटरनेट पुन्हा बंद पडले, तेव्हा सूनबाई घरीच होती. पण तिला हाक मारण्यापूर्वी आम्ही दिवे पाहिले. लॉसचा दिवा लाल होता. आम्ही बिलावरील क्रमांकावर तक्रार नोंदविली, तक्रार क्रमांक वहीत टिपला, मेहताजींना हॉटस्पॉट चालू करून दिला, आणि टाचणी टाचणीच्या जागीच राहू दिली.