परीक्षकांच्या टेबलावरची प्रेमकथा

रत्नागिरीत घडणाऱ्या एका प्रेमकथेला 2001 साली परदेशातला मोठा पुरस्कार जाहीर झाला आणि लेखकानं तो घेतला नाही. कादंबरी अमिताव घोष यांची, 'द ग्लास पॅलेस'. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी हद्दपार करून रत्नागिरीत आणलं, त्याच्या राणीच्या सेवेतली डॉली ही त्या कादंबरीची नायिका. मंडालेत लहानपणी ओझरती पाहिलेली ही मुलगी राजकुमार नावाच्या पोरक्या मुलाच्या मनातून जात नाही. पुढे सागवानाच्या धंद्यात पैसा मिळवून तो तिला शोधत थेट आपल्या गावात येतो. कलेक्टरची बायको मध्यस्थी करते. रत्नागिरीत बसून ते वाचताना अंगावर काटा येतो, कारण थिबा पॅलेसवरून खाली खाडीकडे पाहायची सवय आपल्या सगळ्यांना आहे.

राष्ट्रकुल लेखक पुरस्काराच्या युरेशिया विभागात ही कादंबरी सर्वोत्कृष्ट ठरली. पडद्यामागची गोष्ट अशी, की पुस्तक स्पर्धेत पाठवलं होतं प्रकाशकांनी, लेखकाला त्याचा पत्ताच नव्हता. घोष यांनी पुरस्कार देणाऱ्या संस्थेला पत्र लिहून कादंबरी मागे घेतली. त्यांचे दोन मुद्दे होते. एक, राष्ट्रकुल हे नाव साहित्याला जुन्या साम्राज्याच्या खुंटीला बांधून ठेवतं. दुसरा, या पुरस्कारासाठी फक्त इंग्रजीत लिहिलेली पुस्तकं चालतात, मग आपल्या देशांतल्या बाकीच्या भाषांचं काय? साम्राज्यानं ज्या गावात एका राजाला डांबून ठेवलं, त्या गावावरच्या कादंबरीनं त्याच साम्राज्याच्या आठवणीचं बक्षीस घ्यायचं नाही, हे मला तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. दुसरा मुद्दा तर मराठी लेखकांच्या वतीनंच मांडल्यासारखा होता.

आता खरी गोष्ट बघा. थिबाची थोरली राजकन्या फाया जी आणि राजवाड्यावर नोकरीला असलेले गोपाळ सावंत यांचं प्रेम हा रत्नागिरीचा इतिहास आहे. त्यांची मुलगी टूटू इथेच वाढली, इथलीच झाली, मराठी बोलत इथेच म्हातारी झाली. एवढा ऐवज दारात असताना मराठीत प्रेमकथेला पुरस्काराच्या मंडपात कुठली जागा मिळते, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो. वाचनालयाच्या कामात आयुष्य गेलं आणि मधूनमधून पुरस्कारांच्या निवड समित्यांवरही बसले, म्हणून दोन्ही बाजू पाहता आल्या.

आमच्या गावानं एकदा प्रेमकथेच्या लेखकाला थेट मानाच्या खुर्चीवर बसवलं होतं. 1940 चं मराठी साहित्य संमेलन रत्नागिरीत भरलं आणि अध्यक्ष होते ना. सी. फडके. 'जादूगार', 'दौलत', 'अटकेपार' यांनी तोवर तरुण वाचकांना वेड लावलेलं. कॉलेजातली मुलं-मुली, टेनिस, पत्रं, गैरसमज, मीलन हे सगळं फडक्यांनी मराठी कादंबरीत आणलं आणि त्याची रचना कशी करायची याचं शास्त्रही 'प्रतिभासाधन' लिहून मांडलं. कला ही कलेसाठी, हा त्यांचा पक्ष. पुढच्याच वर्षी सोलापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले वि. स. खांडेकर, म्हणजे जीवनासाठी कला म्हणणारे, आणि ज्यांची उमेदीची वर्षं 1920 ते 1938 तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या शिरोड्याच्या शाळेत गेली ते. लागोपाठच्या दोन वर्षांत दोन पक्षांना समान मान. मराठी माणसाच्या समंजसपणाची ही खूण मला फार आवडते.

पण पुढे काय झालं? खांडेकरांच्या 'ययाती'ला 1960 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि 1974 मध्ये त्यांच्या रूपानं मराठीला पहिलं ज्ञानपीठ. फडक्यांना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अकादमीचा पुरस्कार मात्र कधीच नाही. 'ययाती' ही मुळात प्रेमाची आणि वासनेचीच कादंबरी. देवयानी, शर्मिष्ठा, कच, ययाती, सगळे प्रेमातच होरपळलेले. पण ती महाभारताच्या वस्त्रात आली. 1964 ला अकादमीचा पुरस्कार रणजित देसाईंच्या 'स्वामी'ला. घरोघरी बायकांनी 'स्वामी' वाचली ती माधवराव आणि रमाबाईंसाठी. परीक्षकांपुढे ती ऐतिहासिक कादंबरी म्हणून गेली. आणि मधल्या वर्षी, 1963 ला, आमच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे. त्यांना पुरस्कार मिळाला 'रथचक्र'साठी, पोरांच्या शिक्षणासाठी झिजणाऱ्या एका बाईच्या कहाणीला. 'गारंबीचा बापू'मधलं बापू आणि राधा यांचं गावाला न पचलेलं प्रेम मात्र वाचकांच्याच मनावर राज्य करत राहिलं. इथे न्यायानं बोलायला हवं. 'गारंबीचा बापू' 1952 ची आणि अकादमीचे पुरस्कार सुरू झाले 1955 ला, तेव्हा तुलना तंतोतंत लागू होत नाही. 'रथचक्र' थोर आहे यातही शंका नाही. तरीसुद्धा माझं मत असं झालं आहे, की मराठीत प्रेमकथा पुरस्काराला पोचते ती पुराणाची, इतिहासाची नाहीतर मातीची शाल पांघरून. नुसती दोन माणसांची ओढ घेऊन आली तर दारातच तिची चौकशी होते.

ती चौकशी कशी होते ते सांगते. संस्थेचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, कारण सगळीकडे थोडंफार असंच चालतं. प्रत्येक पुस्तकाच्या तीन-चार प्रती मागवलेल्या. सुतळीचे गठ्ठे, कुरिअरच्या पिशव्या, पावसाळी हवेनं फुगलेली मुखपृष्ठं. प्रत्येक परीक्षकाला एक छापील तक्ता: कथानक, भाषा, व्यक्तिचित्रण, आशय. आमच्या फेरीत एका नवख्या लेखिकेची कादंबरी होती. एक विधुर पोस्टमास्तर आणि शाळेतली एक बाई, दोघंही पन्नाशीच्या आसपास, आणि मनीऑर्डरच्या खिडकीवर वाढत गेलेला त्यांचा स्नेह. तिला भाषेत भरभरून गुण पडलेले, व्यक्तिचित्रणातही, आणि आशयाच्या रकान्यात तिघांपैकी दोघांनी जवळजवळ काहीच दिलेलं नाही.

आमच्यातले ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "बाई, वाचनीय आहे हो. एका बैठकीत संपवली मी. पण पुरस्कार द्यायचा म्हणजे काहीतरी सामाजिक हवं ना?"

मी म्हटलं, "सर, पन्नाशीतल्या दोन माणसांनी या जिल्ह्यात उघडपणे लग्न करायचं ठरवलं, याहून सामाजिक काय असतं?"

सर बराच वेळ तक्त्याकडे बघत बसले. माणूस प्रामाणिक. त्यांनी पेन काढून आशयाचे गुण वाढवले, पण बेरजेत ती मागेच राहिली. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. निघताना सरांनी एक प्रत मागून घेतली, वहिनींना वाचायला हवी म्हणून. त्या प्रतीवर कुणाचाच आक्षेप नव्हता.

आता दुसरी बाजू. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं. इतक्या जुन्या वाचनसंस्कृतीच्या गावात देवघेवीच्या टेबलाशी उभं राहिलं की वाचकांचा निकाल रोज लागताना दिसतो. जुन्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. बाबा कदम, कुमुदिनी रांगणेकर, सुमती क्षेत्रमाडे, योगिनी जोगळेकर यांच्या कादंबऱ्या उघडा. एक चिठ्ठी शिक्क्यांनी भरली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवलेली, ती भरल्यावर तिसरी. जांभळ्या शाईचे शिक्के एकमेकांवर चढलेले. बांधणी दोनदा केलेली, पानांचे कोपरे दुमडून दुमडून मऊ झालेले. कुठे पेन्सिलीनं एखाद्या संवादाखाली हलकीशी रेघ, पुढच्या वाचकाला कळेल इतपतच. पुरस्काराची पट्टी मिरवणाऱ्या कितीतरी पुस्तकांत पहिलीच चिठ्ठी अर्धी कोरी असते. मी त्या पुस्तकांचा मान कमी लेखत नाही. पण ज्या लेखकांनी ही बांधणी झिजवली, त्यांना एखादा नारळ तरी कुणी दिला का?

नारळ दूरच, एकाला दंड झाला. चंद्रकांत काकोडकर हे प्रेमकथांचे अफाट खपाचे लेखक. 1962 च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची 'श्यामा' ही कथा आली. निशिकांत नावाचा कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया. अश्लीलतेचा खटला झाला. मॅजिस्ट्रेटनं सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी धरून 25 रुपये दंड केला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्यायमूर्तींना एका मराठी प्रेमकथेचा प्रसंगाप्रसंगानं विचार करावा लागला. 1969 च्या ऑगस्टमध्ये निकाल लागला: कथा अश्लील नाही, काळाबरोबर समाजाच्या कल्पना बदलतात, लेखक निर्दोष. त्याच वर्षाअखेर राज खोसलांचा 'दो रास्ते' पडद्यावर आला. त्याची कथा काकोडकरांच्याच 'नीलांबरी'वरून घेतलेली. तिला फिल्मफेअरचं सर्वोत्कृष्ट कथेचं पारितोषिक मिळालं. मराठी प्रेमकथालेखकाला असा जाहीर मान मिळाला तो हिंदी सिनेमाच्या मांडवात, हे मला आजही बोचतं.

बाहेरच्या जगात या लेखनासाठी स्वतंत्र पुरस्कार आहेत. ब्रिटनमध्ये 1960 साली प्रेमकथा लिहिणाऱ्यांनीच आपली संघटना काढली, डेनिस रॉबिन्स पहिल्या अध्यक्ष, आणि वर्षातल्या उत्तम प्रेमकादंबरीचा गौरव सुरू केला. अमेरिकेत 1982 पासून अशा लेखिकांच्या संघटनेचे पुरस्कार होते, पुढे 'रिटा' नावानं ते गाजले. पण तिथेही एक गोष्ट खटकणारी निघाली. कृष्णवर्णीय लेखिकांना 'रिटा' पहिल्यांदा मिळाला तो थेट 2019 मध्ये. त्याच वर्षाअखेर संघटनेत मोठा वाद पेटला आणि 2020 ची स्पर्धाच रद्द करावी लागली. म्हणजे नुसता पुरस्कार काढून भागत नाही, कुणाच्या प्रेमाला प्रेम मानायचं हेही परीक्षकांनी आधी मनाशी ठरवावं लागतं. जात, वय, विधवापण, सगळं त्यात आलं. आपल्याला तर हे अधिकच लागू.

आपल्याकडे राज्य शासनाचे यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कार प्रकारानुसार दिले जातात. कादंबरीसाठी हरी नारायण आपटे, कथेसाठी दिवाकर कृष्ण, आणि पहिल्या कादंबरीसाठी आमच्या श्री. ना. पेंडशांच्या नावाचा. कथा-कादंबरीत विषयाप्रमाणे वाटणी नाही, आणि ते बरोबरच आहे. पण खाजगी संस्थांना हे बंधन कुठे आहे? 1990 चं संमेलन रत्नागिरीत झालं, मधु मंगेश कर्णिक अध्यक्ष होते, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी कोकण मराठी साहित्य परिषद उभी केली. तिचा कथासंग्रहाचा पुरस्कार वि. सी. गुर्जर यांच्या स्मृतीचा आहे. गुर्जर राजापूर तालुक्यातल्या कशेळीचे. 'मासिक मनोरंजन'मधून त्यांनी प्रेमाच्या, गैरसमजांच्या, शेवटी सुखाच्या गोष्टी लिहून मराठी वाचकाला मासिकाची वाट बघायला लावली. प्रेमकथाकाराच्या नावाचा मान आपल्याच जिल्ह्यात आहे. त्याच्या शेजारी निखळ प्रेमकथेचा एक पुरस्कार कुणीतरी सुरू करावा, असं मी दोन-तीन संस्थांच्या कानावर घातलं आहे.

त्यासाठी माझ्या मागण्या साध्या आहेत. पहिल्या फेरीत प्राध्यापक नकोत, जिल्ह्यातल्या वाचनालयांचे नेमानं वाचणारे वर्गणीदार असावेत, निम्म्याहून अधिक बायका. त्यांनी निवडलेली पाच पुस्तकं दुसऱ्या फेरीत जाणकारांकडे जावीत आणि त्या फेरीत देवघेव विभागातल्या एका कर्मचाऱ्यालाही मत असावं. तक्त्यात एक रकाना जास्तीचा असावा: पुस्तक संपल्यावर ते दुसऱ्या कुणाला वाचायला द्यावंसं वाटलं का? रक्कम थोडी असली तरी चालेल, पण निवडलेल्या पुस्तकाच्या प्रती दापोलीपासून राजापूरपर्यंतच्या वाचनालयांना विकत घेऊन द्याव्यात. प्रमाण मराठीतल्या प्रवेशिका येतीलच, पण मालवणी किंवा संगमेश्वरी बोलीत कुणी प्रेमकथा लिहिली असेल तर तीही मूळ बोलीतच स्वीकारावी.