रिटर्न अडलं, विचारायचं कुणाला?

दारव्हा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतले एखादे वरिष्ठ मुख्याध्यापक डोळ्यांपुढे आणा. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा फॉर्म १६ हातात आहे. प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न १३ लाख रुपये उरलं. नव्या करप्रणालीत त्यावर ७५ हजार रुपये कर आणि ४ टक्के उपकर, मिळून ७८ हजार. तेवढा टीडीएस पगारातून कापूनही झाला. पोर्टलवर आकडे आधीच भरून आलेले असतात, देणं शून्य दिसतं. मग आठवण होते घरच्या वावराची. कापूस आणि तुरीचे, खर्च वजा जाता, दोन लाख रुपये सुटले होते. शेतीचं उत्पन्न करमुक्त, तेव्हा दाखवायला हरकत काय, म्हणून ते लिहायला जावं तर ‘सहज’ हा सोपा फॉर्मच अडवतो. त्यात पाच हजारांपेक्षा जास्त शेती उत्पन्न बसत नाही. आयटीआर-२ उघडावा, आकडा टाकावा, तर खाली २० हजार ८०० रुपये भरा असं येतं.

आता गुरुजी कुणाला विचारणार? पहिला संशय सॉफ्टवेअरवर जातो. हेल्पलाइनला फोन लागतो, तिथला माणूस नम्रपणे सांगतो की फॉर्म नीट चालतो आहे, कर किती हे तुमच्या सल्लागाराला विचारा. शेजारचे सहकारी सांगतात, शेतीचा आकडा काढून टाका, होईल शून्य. देणं शून्य होतंही. पण हा सल्ला चुकीचा आहे आणि सॉफ्टवेअर बरोबर आहे.

हिशोब असा आहे. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही, पण इतर उत्पन्नाला कोणता दर लागेल हे ठरवताना ते मोजलं जातं. १३ लाख आणि २ लाख मिळून १५ लाखांवर कर काढा, तो येतो १ लाख ५ हजार. मग करमुक्त मर्यादेचे ४ लाख आणि शेतीचे २ लाख मिळून ६ लाखांवर कर काढा, तो येतो १० हजार. पहिल्यातून दुसरा वजा केला की ९५ हजार. आधीच्या ७५ हजारांपेक्षा २० हजार जास्त, उपकरासह २० हजार ८००. शेती उत्पन्न पाच हजारांच्या वर आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असलं की हा नियम लागतो. वावर मक्त्यानं दिलं असेल तर मक्त्याचे पैसेही शेती उत्पन्नातच येतात. शेती उत्पन्न पाच लाखांच्या वर गेलं तर जिल्ह्याचं नाव, पिनकोड, किती एकर, स्वतःची की भाड्यानं घेतलेली, ओलिताची की कोरडवाहू, इतकं सगळं फॉर्म विचारतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथं मास्तर, तलाठी, नर्स, बँकेतला कारकून यांच्यापैकी कितीतरी जणांच्या नावावर सातबारा आहे, तिथं हा प्रश्न घरोघरचा आहे. बाजार समितीची पावती, जिनिंगची काटापट्टी, चुकारा जमा झाल्याची पासबुकातली नोंद, बियाणं-खताची बिलं हे सगळं जपून ठेवणं एवढंच आपल्या हातात.

हे उदाहरण इतकं लांबवलं त्याला कारण आहे. रिटर्न भरताना अडलेला माणूस सरसकट ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ म्हणतो आणि चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो. प्रश्न यंत्राचा आहे, कायद्याचा आहे की दुसऱ्या कुणीतरी भरलेल्या माहितीचा आहे, हे आधी ओळखलं तर निम्मी मदत तिथंच मिळते. मदतीची दारं आहेत, बरीचशी फुकट आहेत, पण एका दारातला माणूस दुसऱ्या दारातलं काम करू शकत नाही.

यंत्राचा प्रश्न म्हणजे लॉगिन होत नाही, ओटीपी येत नाही, फॉर्म जमा होताना त्रुटीचा संदेश येतो, रिटर्न भरलं पण पोचपावती उतरत नाही. यासाठी ई-फायलिंगचे निःशुल्क क्रमांक १८०० १०३ ००२५ आणि १८०० ४१९ ००२५ हे आहेत. फोन करण्याआधी त्रुटीचा संदेश शब्दशः कागदावर उतरवून घ्या किंवा पडद्याचा फोटो काढा. ‘काहीतरी लाल अक्षरात आलं’ यावरून समोरचा काही सांगू शकत नाही. पॅन जवळ ठेवा, पासवर्ड आणि ओटीपी मात्र कुणालाही सांगू नका. हेल्पलाइनचा माणूस ते मागत नाही. पोर्टलवर लॉगिन केल्यावर ‘ग्रीव्हन्स’ नावाचा भाग दिसतो. तिथं तक्रार लिहिली की क्रमांक मिळतो, आणि पुढं वाद झाला तर तो क्रमांक फोनवरच्या दहा बोलण्यांपेक्षा जास्त कामाचा ठरतो.

एक साधी अडचण पुन्हा पुन्हा येते म्हणून सांगतो. पोर्टलवरून उतरवलेलं वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडायला पासवर्ड मागतं. तो असतो तुमचा पॅन लहान इंग्रजी अक्षरांत आणि लगेच पुढं जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकड्यांत, मध्ये जागा न सोडता. लोक पॅन मोठ्या अक्षरांत टाकतात, फाइल उघडत नाही, आणि नेट कॅफेवाल्याला फक्त ती उघडून देण्याचे पैसे मोजतात.

आता माहितीचा प्रश्न. फॉर्म १६ मध्ये कापलेला कर पोर्टलवर दिसतच नाही, ही तक्रार नेहमीची. तो दिसतो २६एएस या विवरणात, आणि तिथं तो येतो तो कापणाऱ्यानं दर तिमाहीला भरलेल्या टीडीएस विवरणातून. शाळेनं, दवाखान्यानं किंवा बँकेनं ते भरलं नसेल, किंवा पॅनचा एखादा आकडा चुकला असेल, तर हेल्पलाइन, बंगळूरचं प्रक्रिया केंद्र, तुमचा सीए यांच्यापैकी कुणीही तो आकडा तिथं आणू शकत नाही. दुरुस्ती फक्त कापणारा करू शकतो. म्हणून मुख्याध्यापकांना किंवा आहरण व संवितरण अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि दुरुस्त विवरण भरलं गेलं की मग रिटर्न भरा. एआयएसमध्ये भलतीच नोंद असेल, उदाहरणार्थ नवरा-बायकोच्या संयुक्त ठेवीचं सगळं व्याज पहिल्या नावावर, तर त्याच नोंदीपुढं अभिप्राय देण्याची सोय आहे. त्याच्या शंकांसाठी १८०० १०३ ४२१५ हा वेगळा क्रमांक आहे.

वणी भागातल्या कोळसा खाणींतल्या कामगारांना वेगळाच अनुभव आला. कोळसा कामगारांचा अकरावा वेतन करार २० मे २०२३ रोजी झाला आणि लागू झाला १ जुलै २०२१ पासून, त्यामुळे मागच्या बऱ्याच महिन्यांची थकबाकी एकदम हाती आली. सातव्या वेतन आयोगाच्या हप्त्यांनी राज्य कर्मचाऱ्यांचंही तसंच झालं. थकबाकी एका वर्षात आली की करही फुगतो, आणि ती ज्या त्या वर्षाची धरून दिलासा मागण्याची सोय १९६१ च्या कायद्याच्या कलम ८९ मध्ये आहे. त्यासाठी फॉर्म १०ई पोर्टलवर आधी भरावा लागतो, रिटर्न त्यानंतर. कचेरीनं फॉर्म १६ मध्ये दिलासा धरला असला तरीही. लोक रिटर्नमध्ये दिलाशाचा आकडा टाकतात, १०ई विसरतात, आणि काही महिन्यांनी दिलासा नाकारून कराची मागणी येते. सॉफ्टवेअर तो आकडा स्वीकारतं, पोचपावतीही देतं, त्यामुळे सगळं जमलं असं वाटतं.

सॉफ्टवेअर खरंच चुकतं का? चुकतं. नवं पोर्टल ७ जून २०२१ रोजी सुरू झालं तेव्हा ते इतकं अडखळलं की त्या ऑगस्टमध्ये अर्थमंत्रालयानं ते तयार करणाऱ्या इन्फोसिसच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारला, आणि रिटर्नची मुदत वाढवत वाढवत ३१ डिसेंबरपर्यंत न्यावी लागली. पण त्याहून महत्त्वाचं प्रकरण २०२४ चं आहे, आणि ते प्रत्येक करदात्यानं लक्षात ठेवावं असं आहे. नव्या प्रणालीत सात लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना कलम ८७अ खाली २५ हजारांपर्यंत करसूट होती. शेअर विकून झालेला अल्पकालीन नफा त्या उत्पन्नात असला तरी ती मिळत होती. ५ जुलै २०२४ ला रिटर्नच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल झाला आणि त्या नफ्यावरच्या करापुरती सूट मागणंच अशक्य झालं. कायदा तोच होता, रकाना तेवढा बंद झाला. मोबाइलवरून शेअर घेणारी पुसद-वणीची पोरंही त्यात सापडली असणार.

मुंबईच्या ‘चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स’ या संस्थेनं मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर सुधारित आणि विलंबित रिटर्नची मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढली, आणि २४ जानेवारीला निकाल आला. सूट मिळते की नाही हे अधिकारी कायद्यानं ठरवतील, पण मागणी करायचा करदात्याचा हक्क सॉफ्टवेअर हिरावून घेऊ शकत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. पुढं २०२५ च्या वित्त कायद्यानं २०२५-२६ पासून अशा नफ्यावर सूट नाही हे स्पष्ट लिहिलं. ते संसदेनं केलं, आणि ते तिथंच व्हायला हवं होतं. या निकालाचं मोल मला फार वाटतं. यंत्र ‘नाही’ म्हणालं म्हणजे कायदा ‘नाही’ म्हणाला असं होत नाही, हे त्यानं सामान्य माणसाच्या बाजूनं नोंदवून ठेवलं आहे.

खासगी अ‍ॅप किंवा सल्लागारांकडचं सॉफ्टवेअर अडलं तर मात्र विचारायचं त्या कंपनीला. सरकारी हेल्पलाइन त्याचं उत्तर देणार नाही.

भरून देणारा माणूस

तालुक्याच्या गावी रिटर्न भरून देणारे खूप आहेत, आणि त्यातले कितीतरी जण थोड्या पैशांत नेकीनं काम करतात. सीए किंवा जाणता कर सल्लागार गाठणं परवडत असेल तर शेती, थकबाकी, शेअर, घरभाडं अशी गुंतागुंत असताना जरूर गाठा. कायद्याच्या प्रश्नाचं दार तेच आहे. पण ‘सगळा टीडीएस परत आणून देतो, त्यातले इतके टक्के माझे’ असं कुणी म्हणालं तर उठून चालू लागा. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागानं देशभरात १५० ठिकाणी अशाच मध्यस्थांची तपासणी केली. खोट्या वजावटी दाखवून परतावा काढायचा, कमिशन घ्यायचं, असा तो धंदा. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचं विभागानं तेव्हा सांगितलं. त्याच निवेदनात एक बारीक गोष्ट होती: हे मध्यस्थ ढीगभर रिटर्नसाठी तात्पुरते ई-मेल पत्ते उघडत आणि नंतर सोडून देत, त्यामुळे विभागाच्या नोटिसा करदात्यापर्यंत पोचतच नसत. खोटी वजावट दाखवली तर दंड चुकवलेल्या कराच्या दुप्पट असू शकतो, आणि तो भरायचा असतो ज्याचा पॅन आहे त्यानं.

भरून देणाऱ्या प्रामाणिक माणसानं सोयीसाठी पोर्टलवर स्वतःचा नंबर टाकला असेल तरी गोष्ट फारशी बदलत नाही: संदेश त्याच्याकडेच जातात, आणि पडताळणी राहिली तर तुम्हाला कळतही नाही. भरलेलं रिटर्न ३० दिवसांत पडताळावं लागतं, नाहीतर पडताळलेल्या तारखेलाच ते भरलं असं धरतात आणि उशिराचं शुल्क बसू शकतं. उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर हजार रुपये, वर असेल तर पाच हजार. सोपा मार्ग आधारच्या ओटीपीचा, पण त्याला आधारशी जोडलेला मोबाइल चालू हवा. तो बंद पडला असेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमनही आधारवरचा मोबाइल बदलून देतो.

परताव्याचंही असंच. तो पोर्टलवर आधी प्रमाणित केलेल्या खात्यातच येतो. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. तिथं खातं असेल तर पोर्टलवर बँकेचं नाव आणि आयएफएससी क्रमांक बरोबर आहे ना, हे एकदा बघून घ्या. परतावा अडकलाच तर खातं पुन्हा प्रमाणित करून ‘रिफंड रीइश्यू’ची विनंती टाकता येते. त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही.

घरातल्या ज्याला मोबाइल नीट वापरता येतो त्याला जवळ बसवा, पोर्टलवर स्वतःच्या पॅननं लॉगिन करा आणि ‘माय प्रोफाइल’मध्ये कुणाचा मोबाइल आणि कुणाचा ई-मेल आहे ते बघा. दुसऱ्याचा असेल तर आजच स्वतःचा टाका, आणि पासवर्डही बदला.