पत्रा फाटण्याआधी बोलतो

पत्रा अचानक फाटतो, असं प्रेस शॉपबाहेरच्या माणसाला वाटतं. मी भोसरीत डाय ट्रायआउटचं काम करतो. फाटण्याआधी पत्र्यावर एक बारीक, खोलगट रेघ उमटते. आम्ही तिला नेकिंग म्हणतो. डोळ्यांआधी ती नखाला लागते. तिथे पत्रा पातळ झालेला असतो आणि पुढची सगळी ओढ तिथेच गोळा होते.

ही वेळ येण्याआधीच धोका ओळखायची रीत १९६०च्या दशकात अमेरिकेत स्टुअर्ट कीलर आणि गॉर्टन गुडविन यांनी घालून दिली. कोऱ्या पत्र्यावर छोटी वर्तुळं उमटवायची, पार्ट दाबायचा, मग ती किती ताणली ते मोजून आलेखावर मांडायचं. समजा, दाराच्या पॅनेलच्या कोपऱ्यात २.५ मिलिमीटरचं वर्तुळ ३.२ मिलिमीटर लांब झालं, रुंदी मात्र तेवढीच राहिली. म्हणजे २८ टक्के वाढ, तीही एकाच दिशेने. पत्र्याला सगळ्यात कमी सोसतो तो हाच प्रकार. १ मिलिमीटरच्या चांगल्या डीप ड्रॉ पोलादाची मर्यादा इथे साधारण ३७ टक्के. सुरक्षिततेसाठी त्यातून १० वजा करतात, आणि आपला कोपरा त्या उरलेल्या मर्यादेच्या वर गेलेला असतो. पार्ट दिसायला निर्दोष, पण कॉइल बदलली की फाटू शकतो!

आता हा अंदाज डाय बनण्याआधी सिम्युलेशनमध्ये बांधतात. कापलेल्या कडेवरची चीर मात्र हा आलेख सांगत नाही, आणि जास्त ताकदीच्या पोलादात तीच अधिक छळते. तिथे कटिंगची धार तपासायलाच हवी.

छोट्या वर्कशॉपच्या मालकांना माझी कळकळीची विनंती आहे: पहिल्या ट्रायलला एक तरी पत्रा वर्तुळं उमटवून दाबा.